अर्ज कुठे करायचा, हे कंपन्यांनी सांगितले पाहिजे

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीवरून, म्हणजे ज्याला सगळे सीएसआर म्हणतात त्यावरून, आपल्याकडे दोन वाद सतत चालू असतात आणि न्यू जर्सीत राहूनही मी ते बारकाईने वाचत असते. पहिला वाद सक्तीचा आहे: नफ्यातला दोन टक्के वाटा समाजकार्यावर खर्च करा असे कंपन्यांना कायद्याने बजावावे, की ते त्यांच्या मर्जीवर सोडावे. दुसरा वाटपाचा आहे: महाराष्ट्रात खर्च होणारा पैसा मुंबई-पुण्याभोवतीच फिरतो आणि गडचिरोली-नंदुरबारपर्यंत पोहोचत नाही. दोन्ही वाद महत्त्वाचे आहेत. पण इथल्या एका लहान सेवाभावी संस्थेच्या विश्वस्त मंडळावर काम करताना, आणि मराठवाड्यातल्या एका संस्थेला प्रस्ताव तयार करायला मदत करताना, मला जो प्रश्न सर्वांत जास्त भेडसावला तो या वादांत क्वचितच येतो. अनुदानासाठी अर्ज कोणाकडे करायचा, कधी करायचा आणि तो वाचला तरी जाईल का, हे लहान संस्थेला कळावे कसे?

अमेरिकेत सक्ती नाही. किंबहुना कंपनीला दान देण्याचा अधिकार तरी आहे का, हा प्रश्न एकेकाळी न्यायालयात गेला होता आणि तोही न्यू जर्सीतच. ए. पी. स्मिथ या पाण्याचे व्हॉल्व्ह आणि अग्निशमनाचे हायड्रंट बनवणाऱ्या कंपनीने १९५१ साली प्रिन्स्टन विद्यापीठाला १,५०० डॉलर देण्याचे ठरवले, काही भागधारकांनी त्याला हरकत घेतली, आणि १९५३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती देणगी वैध ठरवली. म्हणजे देण्याची मुभा आहे, बंधन नाही. एखाद्या वर्षी कंपनीने हात आखडता घेतला तर तिच्यापुढे ठेवायला संस्थेजवळ कोणतेही कलम नसते. या बाबतीत भारताचा २०१३ चा कंपनी कायदा मला निःसंशय सरस वाटतो. कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ संपत्ती ५०० कोटी रुपये किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम खर्च केलीच पाहिजे, आणि खर्च झाली नाही तर ती कंपनीच्या खिशात परत जात नाही. ही तरतूद सैल करा असे म्हणणाऱ्यांना अमेरिकेचा दाखला देता येतो खरा, पण ज्या संस्थांना दर वर्षी अनुदान टिकेल की नाही या चिंतेत पगारपत्रक करावे लागते, त्यांना विचारले तर हा दाखला कोणी देणार नाही.

घ्यायचेच असेल तर अमेरिकेकडून वेगळी गोष्ट घ्यावी. इथल्या कंपन्या जेव्हा दानासाठी वेगळे फाउंडेशन काढतात, तेव्हा करकायद्याच्या दृष्टीने ते बहुधा खाजगी फाउंडेशन ठरते आणि त्याला दर वर्षी ‘९९०-पीएफ’ नावाचे विवरणपत्र भरावे लागते. हे विवरणपत्र कोणालाही पाहता येते. कोणत्या संस्थेला, कोणत्या कामासाठी, किती डॉलर दिले याची नावनिशीवार यादी त्यात असते. त्याच विवरणपत्रात अर्ज कोणाच्या नावे पाठवायचा, कोणत्या स्वरूपात पाठवायचा, मुदत कधी संपते आणि भौगोलिक किंवा विषयाच्या मर्यादा कोणत्या, हे लिहायला जागा असते. आणि त्या जागेच्या वर एक छोटा चौकोन असतो. आम्ही आधीच निवडलेल्या संस्थांनाच देतो, न मागवलेले अर्ज घेत नाही, असे असेल तर फाउंडेशनने त्या चौकोनात खूण करायची.

आमच्या संस्थेत नवे फाउंडेशन हेरले की पहिले काम हे विवरणपत्र उघडण्याचे. आम्ही लागोपाठच्या वर्षांची विवरणपत्रे शेजारी ठेवतो. त्याच त्या संस्थांची नावे दर वर्षी येतात की नवी नावेही शिरतात, आमच्या काउंटीत काही आले आहे का, आमच्याएवढ्या संस्थेला साधारण किती रक्कम मिळते, हे तासाभरात समजते. जिथे बहुतेक अनुदाने पाच हजार डॉलरची आहेत तिथे पन्नास हजारांचा प्रस्ताव पाठवण्यात अर्थ नसतो. शिवाय नावावरून फसू नये एवढी काळजी घ्यावी लागते: फोर्ड फाउंडेशनचा आज फोर्ड मोटर कंपनीशी संबंध नाही, कंपनीची दानाची व्यवस्था निराळी आहे. चौकोनात खूण दिसली तर आम्ही अर्ज लिहीत बसत नाही. त्याऐवजी त्या कंपनीत काम करणारे कोणी आपल्या स्वयंसेवकांत आहे का, हे पाहतो. कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच भर कंपनीने घालायची, ही पद्धत जनरल इलेक्ट्रिकच्या फाउंडेशनने १९५४ मध्ये सुरू केली आणि आता ती अनेक मोठ्या कंपन्यांत आहे. तिथे प्रस्तावाची गरज नसते, फक्त संस्थेची करमुक्त म्हणून नोंदणी हवी.

अमेरिकेत सारे खुले आहे असे मात्र नाही. फाउंडेशन न काढता परस्पर कंपनीच्या खात्यातून जे दिले जाते त्याची अशी यादी कुठेही सादर करावी लागत नाही, आणि तो चौकोन खूण करून बंद करणारी फाउंडेशने पुष्कळ आहेत. तरीही बंद दार बंद आहे हे आधी कळणे, याचे मोल लहान संस्थेलाच कळते, कारण तिथे प्रस्ताव लिहिणारा माणूस तोच असतो जो सकाळी मुलांना शिकवतो आणि संध्याकाळी हिशेब लिहितो.

आता मराठवाड्यातल्या संस्थेकडे येते. तिचे काम ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आहे आणि ते चोख आहे. २०२१ च्या नियमांनुसार कंपनीचा पैसा घ्यायचा तर सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आयकराची १२अ आणि ८०जी ही प्रमाणपत्रे लागतात, आणि अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. हे सारे त्यांनी केले. पण एका कंपनीने परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, उतारा मागितला, तेव्हा त्यात हयात नसलेल्या एका विश्वस्तांचे नाव तसेच होते, कारण धर्मादाय कार्यालयात द्यायचा बदल अर्ज संस्थेने कधी दिलाच नव्हता. अशा कागदावर कोणताही सावध अधिकारी थांबणारच, आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणून लहान संस्थांना माझे पहिले सांगणे हेच असते की प्रस्तावाच्या भाषेची चिंता नंतर करा. आधी परिशिष्ट, लेखापरीक्षण अहवाल, विश्वस्तांच्या सभेचे इतिवृत्त आणि ठराव नीट लावून घ्या.

कागद नीट लागले, आणि खरा अडथळा तिथून पुढे सुरू झाला. सीएसआर समितीचे सदस्य, धोरण आणि संचालक मंडळाने मंजूर केलेले प्रकल्प संकेतस्थळावर जाहीर करणे कंपन्यांना नियमाने बंधनकारक आहे. अर्ज कसा करायचा हे जाहीर करणे बंधनकारक नाही. त्यामुळे कंपनीने गेल्या वर्षी काय केले हे वाचता येते, पण पुढच्या वर्षीसाठी कोणाला, कोणत्या महिन्यात लिहायचे ते समजत नाही. मग ओळखीच्या माणसाकडून नंबर मिळवणे सुरू होते आणि ज्याची ओळख पुण्या-मुंबईत आहे तो पुढे जातो. वाटपाच्या वादाचे एक मूळ इथे आहे असे मला वाटते. कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदा सांगतो, पण हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, सक्तीचे नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. म्हणजे पुण्यातल्या कारखान्याला नंदुरबारमध्ये काम करायला कोणी अडवलेले नाही. नंदुरबारच्या संस्थेला त्या कारखान्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता तेवढा नाही.

त्याच परिपत्रकाचा आणखी एक भाग प्रत्येक संस्थेने हाताशी ठेवावा. प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर जाऊ नये, या नियमाचा आधार घेऊन ‘आम्ही पगाराला पैसे देत नाही’ असे संस्थांना सर्रास ऐकवले जाते. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्यासाठी होणारा खर्च त्यात धरायचा नसतो, आणि शाळेच्या प्रकल्पातला शिक्षक हा प्रकल्पच असतो. अंदाजपत्रकात त्याचा पगार ‘इतर खर्च’ म्हणून लपवू नये; किती मुले, किती तास, किती वेतन हे सरळ मांडावे. छताचे पत्रे आणि वह्या घेऊन द्यायला तयार असलेले, पण त्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंना बारा महिने वेतन द्यायला तयार नसलेले दाते मला दोन्ही देशांत भेटले आहेत, आणि याविषयी संस्थांनी संकोच सोडून बोलले पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

आपण परदेशातले लोक ही उणीव भरून काढू शकू का, असे इथल्या मित्रमंडळींत नेहमी विचारले जाते. फार थोडी. भारतीय पारपत्र असलेल्याने बँकेतून दिलेली वैयक्तिक देणगी परकीय मानली जात नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतले की ती परकीय ठरते आणि घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी लागते. इथल्या कंपनीच्या भर-देणगीचेही तेच. पूर्वी नोंदणी असलेली मोठी संस्था असा निधी नोंदणीकृत लहान संस्थांकडे पुढे देऊ शकत असे, ते २०२० च्या दुरुस्तीने पूर्ण बंद झाले. तेव्हा गावपातळीवरच्या संस्थेसाठी देशातल्या कंपन्यांचा निधी हाच मोठ्या रकमेचा मार्ग उरतो, आणि म्हणून तो कसा मागायचा हे उघड असणे अधिकच निकडीचे आहे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. कंपन्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे दर वर्षी सीएसआर-२ हा फॉर्म भरतात. त्यात तीन प्रश्न वाढवावेत आणि त्यांची उत्तरे संकेतस्थळावर लावणे बंधनकारक करावे: तुम्ही बाहेरचे अर्ज घेता का; घेत असाल तर कोणत्या मुदतीत आणि कोणाच्या नावे; आणि अर्ज कोणत्या भाषांत चालतो. महाराष्ट्रात कारखाना असलेल्या कंपनीने तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मराठी लिहायला काहीच अडचण नसावी, कारण मराठवाड्यातल्या त्या संस्थेची हजेरीपत्रके, इतिवृत्ते आणि मुलांच्या प्रगतीच्या नोंदी मुळात मराठीतच आहेत.