बंद रक्तवाहिनी उघडल्यावर होणारी इजा आणि घरी थांबण्याचा घातक सल्ला

गेले काही दिवस नागपुरातल्या अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांत, अंबाझरीला सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या आमच्या गटातही, एक संदेश फिरतो आहे. हार्ट अटॅकमध्ये तुंबलेली वाहिनी एकदम उघडली की आत शिरणारे ताजे रक्तच हृदयाच्या पेशी मारते, डॉक्टर ही गोष्ट लपवतात, म्हणून अँजिओप्लास्टीची घाई न करता घरी पडून राहावे, अर्जुनसालीचा काढा घ्यावा आणि रक्त हळूहळू आपोआप वाहू द्यावे, असे त्याचे म्हणणे आहे. अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून २६ वर्षे काम केलेल्या मला हा संदेश वाचून झोप लागली नाही. त्यातले पहिले वाक्य अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यावर उभा केलेला शेवटचा सल्ला कोणाचाही जीव घेऊ शकतो.

लपवण्याचा आरोप चटकन निकाली निघतो. या इजेला रिपरफ्यूजन इन्ज्युरी म्हणतात. अमेरिकी संशोधक रॉबर्ट जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयावरील प्रयोगांतून ती १९६० सालीच छापील स्वरूपात मांडली, आणि आज ती वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते.

ताजे रक्त पेशी मारते हा मुद्दा मात्र सावकाश समजून घ्यायला हवा. रक्त थांबले की पेशी प्राणवायूविना साखर जाळू लागते आणि आत आम्ल साचते. पेशीचे ऊर्जाघर म्हणजे मायटोकॉण्ड्रिया. त्याच्या आवरणातले एक छिद्र या आम्लामुळेच बंद राहते. रक्त परतले की आम्ल धुतले जाते, पेशीत कॅल्शियमचा लोंढा येतो, अचानक मिळालेल्या प्राणवायूतून फ्री रॅडिकल्स नावाचे पेशीला इजा करणारे रेणू तयार होतात, ते छिद्र उघडते आणि काठावर तग धरून असलेल्या काही पेशी तेव्हा मरतात. बारीक वाहिन्या सुजून तुंबल्यामुळे मुख्य वाहिनी उघडूनही काही भाग कोरडाच राहतो. इथपर्यंत संदेशकर्त्याशी माझा वाद नाही.

वाद आहे तो वाहिनी बंदच ठेवली तर काय होते, हे त्याने सांगितले नाही याबद्दल. जेनिंग्ज आणि त्यांचे सहकारी रायमर यांनी १९७७ साली कुत्र्यांच्या हृदयाची वाहिनी वेगवेगळा वेळ बांधून ठेवली. ४० मिनिटांनी सोडली तेव्हा धोक्यात आलेल्या स्नायूपैकी सुमारे ३८ टक्के मेला, ३ तासांनी सोडली तेव्हा ५७ टक्के, ६ तासांनी ७१ टक्के, आणि सोडलीच नाही तेव्हा ८५ टक्के. रक्त परतल्यामुळे झालेली इजा या आकड्यांत आधीच धरलेली आहे. ती धरूनही लवकर सोडलेल्या वाहिनीमागे निम्म्याहून अधिक स्नायू जिवंत राहिला.

माणसांतही हेच दिसले. इटलीत ११ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८६ साली आले. गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांपैकी २१ दिवसांत १०.७ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १३ टक्के. आणि दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

काटोलकडचे एक संत्रा बागायतदार काका मला अजून आठवतात. गॅस झाला असेल म्हणून ओवा आणि काळे मीठ खाऊन ते पाच तास घरी थांबले होते. मग ते आमच्याकडे आले. स्ट्रेप्टोकायनेजचे १५ लाख युनिट तासाभरात सलाईनमधून द्यायचे होते. पाऊण तास झाला असेल, त्यांचे दुखणे उतरले, ईसीजीची वर चढलेली रेघ खाली आली आणि मॉनिटरवर एकाएकी रुंद ठोके पडू लागले. मुलगा घाबरून म्हणाला, "सिस्टर, हे काय होतंय?" रक्त परत आल्याची ती खूण होती आणि काही मिनिटांत ती आपोआप गेली. क्वचित अशाच वेळी ठोके जीवघेणे बिघडतात, म्हणून शॉक देण्याचे यंत्र आम्ही खाटेजवळच ठेवले होते. घरच्या पलंगाजवळ ते कोणाकडे असते? काका वाचले, पण त्यांना पुढे जिना चढताना लागणारा दम मी त्या पाच तासांच्या खाती मांडते.

हळूहळू उघडावे, या कल्पनेमागे थोडे संशोधन आहे. प्राण्यांत वाहिनी काही सेकंद दाबून-सोडून रक्त टप्प्याटप्प्याने येऊ दिल्यावर इजा घटलेली दिसली; रुग्णांवरील मोठ्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत. आणि तो सावकाशपणा कॅथ लॅबमधल्या, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीतल्या, काही मिनिटांचा होता. घरी घालवलेल्या तासांशी त्याचा काहीही संबंध नाही, कारण तिथे गुठळी जागची हललेली नसते.

राहिला काढा. फ्री रॅडिकल्स शमवणारी द्रव्ये रुग्णांना थेट शिरेतून देऊनही हृदयाचे कार्य सुधारले नाही, कारण सगळा खेळ रक्त परतल्याच्या पहिल्या काही मिनिटांत पेशीच्या आत घडतो. पोटात गेलेला काढा तिथे वेळेवर पोहोचणार कसा, आणि वाहिनी बंद असताना तिच्या पलीकडच्या स्नायूपर्यंत तो जाणार तरी कोणत्या वाटेने? साल उकळून पाणी निम्मे व्हायला अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात काटोलहून निघालेली १०८ ची गाडी नागपूरच्या अर्ध्या वाटेवर आलेली असते.