बाटली नको, आधी घासाचं बघा – एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. तुमची कमेंट वाचली, राग कळला, आणि त्यात मुद्दे आहेत म्हणून तिथेच दोन ओळी टाकण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितेय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गाय व्याल्यावर का बसते (रक्तातलं कॅल्शियम घसरून तिला उठताच येत नाही, मिल्क फीवर म्हणतात तो) यावर मी जे लिहिलं होतं त्यावर दादांचं म्हणणं असं की, "ताई, व्यायच्या आधी कॅल्शियम पाजू नका असं लिहून तुम्ही लोकांना घाबरवता, आमचे डॉक्टर स्वतः पाजायला सांगतात. ते अॅनायोनिक सॉल्ट न् बायपास फॅट कंपन्यांचे धंदे आहेत. खरा रोग म्हणजे संकरित गाय, गावरान ठेवा, काही होत नाही. आणि एवढंच कळतं तर सांगा, माझी गाय पुढच्या महिन्यात चौथ्यांदा व्यायचीय, तिला काय पाजू?"

कॅल्शियमच्या बाटलीचं आधी. मी ती विष आहे असं कुठेही लिहिलेलं नाही, पैसे वाया जातात असं लिहिलंय. तुमच्याकडच्या बाटलीचं लेबल बघा, १०० मिलीत कॅल्शियम किती ग्रॅम ते. बहुतेक वेळा अगदी थोडे ग्रॅम निघतील. आणि तीच गाय रोज पंधरा किलो घास खात असेल तर (आमच्याकडे लसूणघासाला नुसतं घासच म्हणतात) त्यातूनच चाळीसेक ग्रॅम कॅल्शियम पोटात जातंय. म्हणजे बाटलीवरून आपण भांडतोय आणि खरी गडबड गव्हाणीत पडलीय.

गडबड का, तर गाभण गाय भाकड असते तेव्हा तिला कॅल्शियम फार लागत नाही. ती व्याली की पहिल्याच दिवशी दहा लिटर चीक काढला तर लिटरला साधारण दोन ग्रॅम धरून वीस ग्रॅम कॅल्शियम गेलं, आणि तिच्या रक्तात एका वेळी फिरत असतं जेमतेम तीन ग्रॅम! बाकीचं हाडातून आणि आतड्यातून ओढून आणायचं असतं, त्यासाठी मानेतल्या पॅराथायरॉईड ग्रंथीचा हुकूम सुटावा लागतो, आणि महिनाभर आयतं भरपूर मिळालं असेल तर ती यंत्रणा सुस्त झालेली असते, जागी व्हायला एक-दोन दिवस घेते. तेवढ्यात गाय बसते. अंग गार, कान गार, मान पोटाकडे वळवलेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पण घासात कॅल्शियमपेक्षाही वाईट एक गोष्ट आहे ती म्हणजे पोटॅशियम. त्याने रक्त अल्कली बाजूला झुकतं आणि मग त्या ग्रंथीने कितीही ओरडून सांगितलं तरी हाडं ऐकत नाहीत. पोट साफ राहावं म्हणून भाकड गायीला खायचा सोडा घालतात ना, तोही याच बाजूला ढकलतो. दुभत्या गायीला सोडा ठीक, व्यायच्या आधीचे तीन आठवडे नको.

आता कंपन्यांचे धंदे. अॅनायोनिक सॉल्ट म्हणजे काही आकाशातून पडलेलं औषध नाही, मॅग्नेशियम सल्फेट, अमोनियम क्लोराईड असलीच साधी क्षारं असतात, रक्त थोडं आम्लाकडे नेतात म्हणजे हाडं पुन्हा ऐकायला लागतात. हे कळलं ते नॉर्वेत, तिकडे मुरघास टिकावा म्हणून त्यात आम्ल घालायचे आणि असा मुरघास खाणाऱ्या गायी व्याल्यावर बसायचं प्रमाण कमी झालं. तेव्हा त्याची पुडी विकणारी कंपनी नव्हती. चवीला मात्र भयंकर, गाय तोंड फिरवते, म्हणून भरड्यात कालवून हळूहळू द्यावं लागतं आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, कारण जास्त झालं तर गाय खाणंच सोडते. बरोबर पडतंय का ते बघायला लघवीचा पीएच बघायचा, कागदाची पट्टी मिळते. एरवी आठच्या वर असतो, तो साडेसहाच्या आसपास आला की काम झालं. दोन-चार गायी असतील तर हे सगळं करूच नका, घास बंद केला तरी निम्मं काम होतं. बायपास फॅटबद्दल (म्हणजे पहिल्या पोटात न विरघळता पुढे जाऊन पचणारी चरबी) तुमचं बरोबर आहे, व्याल्याबरोबर पहिल्या आठवड्यात ते घालून फार काही मिळत नाही, ज्या गायीचं लिव्हर आधीच अंगातल्या चरबीने भरलंय तिला आणखी चरबी कशाला.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण बसलेली गाय दिसते पण किटोसिस दिसत नाही. व्याल्यावर दूध झपाट्याने वाढतं, खाणं मात्र मागे रेंगाळतं, मग गाय पाठीवरची चरबी उतरवून दूध देते. थोडी उतरणं ठीकच आहे, पण भाकड काळात जाड झालेली असेल तर लिव्हरला ती चरबी झेपत नाही, किटोन साठतात (हाच किटोसिस), ती पेंड सोडून नुसता कडबा चघळते, शेण घट्ट, श्वासाला गोडसर वास. गंमत म्हणजे याच दिवसांत डेअरीत फॅट पाच लागते आणि घरात आनंद! अहो ती फॅट तिच्या पाठीवरची आहे, सरकी पेंडीची नाही. डेअरी फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) बघून पैसे देते, त्यामुळे गाय आतून झिजतेय हे बिलात कुठेच उमटत नाही. ते उमटतं तीन-चार महिन्यांनी, माजावर येत नाही, आली तर उलटते (गाभण न राहता पुन्हा माजावर येते), आणि आपण कृत्रिम रेतनाच्या सिमेनच्या कांडीला नावं ठेवतो.

त्यात आपल्या घुगऱ्या. व्याल्याव्याल्या पाटीभर शिजवलेली बाजरी न् गूळ, वर तेल. मायेनं घालतात, मला मान्य आहे, माझ्या सासूबाईही घालायच्या. पण महिनाभर नुसत्या वाढ्यावर आणि कडब्यावर असलेल्या पोटाला एकदम एवढं धान्य पचत नाही, पोटातले जंतू बदलायला दोन-तीन आठवडे लागतात, आम्ल वाढतं आणि गाय होतं तेवढंही खायचं सोडते. म्हणून खुराक व्यायच्या आधी तीन आठवड्यांपासून थोडा थोडा चढवत दोन किलोपर्यंत न्यायचा. पण भाकड गायीचं बिल येत नाही ना, ती गोठ्याच्या मागच्या टोकाला जाते आणि उरलंसुरलं खाते. किंवा उलट, लाडाची असली तर खाऊन खाऊन गोल होते.

गावरानचं म्हणाल तर दादा, खिल्लार बसत नाही कारण ती वासरापुरतंच दूध देते, ती औताच्या बैलांसाठी घडवलेली जात आहे. भरपूर दूध देणारी गीर बसते, मुऱ्हा म्हैसही बसते. हा ओढा दुधाचा आहे. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफ ही संस्था सुरू केली, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन), जर्सी आणि गीर मिळून फुले त्रिवेणी ही संकरित गाय काढली, त्यातून आपल्या भागातल्या किती घरांचे हप्ते फिटले ते तुम्हालाही माहितीय. माझी तक्रार एवढीच की सिमेन दारोदार पोचलं, ते सांभाळायचं खाणं कोणी दारोदार सांगितलं नाही. गावरान ठेवा ना, जरूर ठेवा, पण मुलांची फी वीस लिटरवर ठरवलेल्या माणसाला तो सल्ला उपयोगाचा नाही.

आता तुमची गाय. चौथं वेत म्हणजे धोका आहेच, पहिलारू सहसा बसत नाहीत. आजपासून घास बंद, तो दुभत्यांना घाला. तिला कडबा कुट्टी, मक्याचा मुरघास, वर खुराक चढवत न्या, रोजचं मिनरल मिक्श्चर चालू दे. व्याल्यावर उभी असेल तर तोंडावाटे कॅल्शियम जेल लगेच एक आणि बारा तासांनी एक, इथे मात्र पैसे वसूल होतात. पहिल्या दिवशी कास पूर्ण रिकामी करू नका, वासराला लागेल तेवढा चीक काढा, खरवसासाठी डबे घेऊन येणाऱ्यांना सरळ नाही म्हणा, वाईटपणा आला तरी चालेल. बसलीच तर तोंडात काही ओतू नका, गिळता येत नाही आणि फुप्फुसात जातं. छातीवर बसती ठेवा, आडवी पडू देऊ नका, आणि डॉक्टर येऊन शिरेत बाटली लावतील तेव्हा घाई करू नका म्हणा, भराभर सोडली तर हृदय बंद पडतं, दहा-पंधरा मिनिटं तरी लागलीच पाहिजेत. उठली म्हणून निवांत होऊ नका, पुढच्या दिवसभरात पुन्हा बसू शकते.

ती एचएफ क्रॉस आहे का जर्सी क्रॉस, ते लिहिलं नाहीत. जर्सी असेल तर कळवा, तिच्यात बसण्याचं प्रमाण जास्त असतं आणि क्षार देणार असाल तर लघवीचा पीएच आणखी थोडा खाली, सहाच्या आसपास आणावा लागतो.