परदेशातून: दहा मार्कांचं श्रमदान

घरच्या ग्रुपवर परवा भाच्याच्या कॉलेजच्या एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) कॅम्पवरून चांगलीच जुंपली. दादाचं म्हणणं, वर्षाचे १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर, सगळं त्या दहा ग्रेस मार्कांसाठी, पोरं घमेलं हातात धरून फोटो काढतात नि घरी येतात. ताई म्हणे (पोरगं तिचंच!) मार्क बंद करा, मग बघू किती उरतात.

मी इथे ओहायोत वाचत बसलेलो, आणि मला तो रॅम्प आठवला.

मागच्या स्प्रिंग ब्रेकला, म्हणजे वसंतातल्या सुट्टीत, मुलीच्या कॉलेजची पोरं वेस्ट व्हर्जिनियात घरं दुरुस्त करायला गेली, गाडी चालवायला कोणीतरी हवं म्हणून मीपण. एका आजींचा जुना ट्रेलर, म्हणजे कारखान्यातून तयार आणून ठेवलेलं घर, दार जमिनीपासून २४ इंच वर, म्हणजे व्हीलचेअरसाठी २४ फूट उतार, इंचाला फूट हा तिथला सरळ हिशेब. पोरांनी पहिल्याच तासात दोन फळ्या आखूड कापल्या. सोबतचा रिटायर्ड सुतार काही बोलला नाही, नुसती टेप पुढे केली. मग आजी खिडकीतून ओरडल्या, तिकडे नको, पत्रपेटीकडे वळवा, आणि अर्धा आराखडा परत काढला. यातल्या निम्म्या पोरांना सर्व्हिस अवर्स, म्हणजे सेवेचे तास, हवे होते, रेझ्युमेसाठी, कोणी लपवतही नव्हतं. आजी संध्याकाळी पत्रपेटीपर्यंत जाऊन आल्या ना, बास.

इथे सगळं छान आहे असं नाही हां, एवढ्या श्रीमंत देशात म्हातारीचा रॅम्प पोरांच्या सुट्टीवर अवलंबून, हे मला अजून पचत नाही.

पण गंमत बघा, त्या डोंगराळ भागात घरं दुरुस्त करायला पोरं नेणारी अपालाचिया सर्व्हिस प्रोजेक्ट ही संस्था १९६९ची, आपली एनएसएसही १९६९ची, गांधी शताब्दीची. आपल्याकडे भांडण मार्कांवर, आणि घर कोणाचं, सामान कोण आणणार, शिकवणार कोण हे कोणी विचारतच नाही. माझ्या वेळच्या एनएसएस कॅम्पला आम्ही ज्या शाळेत झोपायचो तिच्या मागे एका म्हातारीचं कौलारू घर होतं, पावसाआधी शाकारायला हवं होतं, एक जाणता माणूस आणि चार पोरं, दोन दिवसांचं काम. आम्ही तिच्या अंगणात स्वच्छतेवर पथनाट्य केलं. तिने सगळ्यांना पाणी दिलं.

भाच्याला वेगळा मेसेज टाकला, गावात कोणाचं छप्पर गळतं ते विचारलंत का? त्याचं उत्तर आलं, "मामा, ते शेड्यूलमध्ये नाहीये."