आजोबांच्या घड्याळाला लोहचुंबक लावू नका, प्लीज

एक फॉरवर्ड सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. ‘जुनं चावीचं घड्याळ आहे? त्यावर अँटिमॅग्नेटिक लिहिलंय? अभिनंदन, तुम्ही लखपती आहात!’ अँटिमॅग्नेटिक म्हणजे चुंबकाला दाद न देणारं. मग दाव्यांची माळ. ही घड्याळं फक्त लष्कर आणि शास्त्रज्ञांसाठी बनली. आत सोन्याहून महाग पॅलेडियम असतं. मनगटावर बांधलं की मोबाइलच्या लहरींपासून हृदयाचं रक्षण होतं. अस्सल ओळखायला लोहचुंबक लावा, चिकटला नाही तर घड्याळ खरं. तबकडी रंगवून नवी करा, फोटो पाठवा, नोंदणीचे पैसे भरा.

असलं काही आलं की मी न वाचता पुढे सरकते. पण सांगलीच्या मामांनी खरोखरच फुटक्या स्पीकरमधला चुंबक काढून आजोबांच्या वेस्ट एंडवर फिरवला, आणि आता ते घड्याळ सुसाट पुढे पळतंय. त्यामुळे चुंबकापासूनच सुरुवात करते, बाकीचं नंतर.

घड्याळाच्या बॅलन्स व्हीलला, म्हणजे आत मागेपुढे हलणाऱ्या चाकाला, केसासारखी बारीक गुंडाळी असते, हेअरस्प्रिंग. तिचा ताठपणा आणि लांबी यांवर घड्याळाची चाल ठरते. तिच्यात चुंबकत्व शिरलं की वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि चाक भराभर हलायला लागतं. मामांच्या घड्याळाला हेच झालंय. घड्याळजीकडे चुंबकत्व काढणारा डीमॅग्नेटायझर असतो, त्यावर हे बहुतेक वेळा चुटकीसरशी उतरतं. नवं स्प्रिंग, नवं मशीन असलं काही कुणी सुचवलं तर आधी तेवढं करून घ्या.

आता या चाचणीतली खरी गंमत. चुंबकाला दाद न देणारं घड्याळ दोन रीतींनी बनतं. एक म्हणजे स्प्रिंग आणि चाक अशा मिश्रधातूंचं करायचं, ज्यांच्यावर चुंबकाचा फारसा परिणाम होत नाही. निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवरच्या कामाला शार्ल एदुआर गियोम यांना १९२० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि पुढच्या सुधारित स्प्रिंगांची वाट त्यातूनच निघाली. दुसरी रीत जास्त दणकट. यंत्राभोवती मऊ लोखंडाची डबीच बसवायची: वर लोखंडी तबकडी, कडेने कडं, मागे आतलं झाकण. चुंबकीय क्षेत्र लोखंडातून वळसा घालून जातं, यंत्र आत सुखरूप. आयडब्ल्यूसीचं १९५५ चं इंजिनिअर, रोलेक्सचं १९५६ चं मिलगॉस, ओमेगाचं १९५७ चं रेलमास्टर, ज्यांच्यामागे संग्राहक वेडे होतात ती सगळी या डबीवाल्या जातीची.

म्हणजे चुंबक कशाला ओढ घेणार? लोखंडाच्या डबीला! या चाचणीत खरं रेलमास्टर नापास होणार आणि पितळी केसचं कुठलंही भंगार ‘अस्सल’ ठरणार. इतकी नेमकी उलटी चाचणी शोधायलाही डोकं लागतं. शिवाय मिलगॉससारखी घड्याळं १००० गॉसपर्यंतच्या क्षेत्रासाठी बनली होती (गॉस म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). आजच्या निओडिमियम चुंबकाच्या अगदी पृष्ठभागाशी काही हजार गॉस असतात. तो टेकवून चाचणी कसली घेताय?

‘लष्कर आणि शास्त्रज्ञांसाठी’ या दाव्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. ब्रिटिश हवाई दलासाठी १९४८ पासून बनलेल्या मार्क ११ मध्ये लोखंडी डबी होती, आणि मिलगॉस प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून आलं. पण नुसत्या शब्दाचं काय? टिसोने १९३० च्या सुमारासच सर्वसामान्यांसाठी अँटिमॅग्नेटिक मनगटी घड्याळ बाजारात आणलं होतं. पुढे तर साध्या स्विस घड्याळांच्या झाकणावर हा शब्द वॉटरप्रूफ, शॉकप्रूफ यांच्या पंगतीत सर्रास येऊन बसला. आज यासाठी आयएसओ ७६४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि त्याची अट बघा: ४८०० अँपिअर प्रति मीटर, म्हणजे साधारण ६० गॉस क्षेत्रात घड्याळ बंद पडू नये, आणि बाहेर काढल्यावर नेहमीच्या आकाराच्या यंत्राची चाल दिवसाला ३० सेकंदांहून जास्त बदलू नये. बस्स. ६० कुठे आणि १००० कुठे! हे मानक येण्याआधीच्या घड्याळांवर तर जो तो आपापल्या हिशेबाने शब्द छापत होता.

दुर्मीळ ती वेगळीच. पहिलं मिलगॉस, ६५४१ क्रमांकाचं, विजेच्या आकाराचा सेकंद काटा असलेलं, त्या काळी फारसं खपलंच नाही. म्हणून आज थोडी उरलीत, आणि म्हणूनच २०२३ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात त्यातलं एक घड्याळ २० लाख स्विस फ्रँकच्याही वर गेलं. फॉरवर्डवाल्यांनी बहुधा अशीच एखादी बातमी उचलून घरोघरच्या साध्या रोमर-कॅमी घड्याळांना चिकटवली आहे.

पॅलेडियम? एकोणिसाव्या शतकात त्याच्या मिश्रधातूच्या हेअरस्प्रिंग बनत होत्या, तेही मुख्यतः खिशातल्या घड्याळांसाठी. असली तरी अशा स्प्रिंगचं वजन किती भरणार? सोनाराचा काटाही हलणार नाही. आणि हृदयाचं म्हणाल तर डबी यंत्राभोवती असते, तुमच्याभोवती नाही.

नोंदणीचे पैसे हा तर जुन्या नाण्यांचाच डाव: नाणी विकून देतो म्हणायचं आणि आधी पैसे उकळायचे. त्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं, आता नाण्याच्या जागी घड्याळ आलं इतकंच. मामांनी सुदैवाने फक्त फोटो पाठवलाय.

तबकडी मात्र रंगवू नका. चोर बाजारात अशी ताजी रंगवलेली घड्याळं ढिगाने मिळतात, जगभरचे संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात आणि भाव पाडतात. पिवळी पडलेली, डाग पडलेली मूळ तबकडी असेल तर साध्या वेस्ट एंडला जाणकार गिऱ्हाईक काही हजार तरी देईल.