मुलांच्या पायाच्या फ्रॅक्चरबद्दलची माझी जुनी पोस्ट चुकीची आहे

मी लिहिलं होतं की लहान मुलांचं हाड आपोआप सरळ होतं, प्लास्टर निघालं की परत दाखवायची गरज नाही. ती पोस्ट अजून फिरतेय म्हणून हा खुलासा, चूक माझीच.

हाड लवकर जुळतं हे खरं, थोडा बाकही वाढीबरोबर भरून निघतो, पण पिळलेलं हाड जुळलं तर ते सहसा तसंच राहतं. आणि घोट्याजवळ हाडाच्या वाढीच्या पट्टीला (हाडाच्या टोकाजवळचा मऊ थर, जिथून हाड लांब होतं) मार बसला असेल तर ती एका बाजूने बंद पडू शकते, मग पाय हळूहळू वाकडा किंवा आखूड होतो आणि हे कळायला कित्येक महिने जातात. आमच्या मुलीच्या 6 महिन्यांनंतरच्या एक्स-रेत डॉक्टरांनी एक बारीक पांढरी रेघ दाखवली, ती पट्टीला समांतर असेल तर वाढ नीट, तिरकी जाऊन पट्टीला मिळाली तर तिथली वाढ थांबलीय. तिची तिरकी होती. आणि पोरगी तर मस्त पळत होती, दुखत काहीच नव्हतं!

प्लास्टरमध्ये दुखणं वाढतच गेलं किंवा बोटं बधिर झाली तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका.

प्लीज, जुनी पोस्ट पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलीत त्यांनाही कळवा.