गुडघाभर आकाश

सोलापूरकरांनी विमानाची वाट किती वर्षे पाहिली, हे सोलापूरकरांनाच ठाऊक आहे. होटगी रस्त्यावर धावपट्टी होती. पण सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी उड्डाणाच्या आड येते की नाही, यावर नव्या पेठेपासून सात रस्त्यापर्यंत प्रत्येक चहाच्या गाड्यावर तज्ज्ञांची मते फुकट मिळत असत, आणि अखेर १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडण्यात आली. त्या संपूर्ण काळात आमच्या कुटुंबाला मात्र विमानांची टंचाई कधी जाणवली नाही, कारण आमचे साडूभाऊ स्वतःच विमाने बांधत होते, उडवत होते आणि पाडतही होते. ही विमाने रेडिओवर चालणारी, चार-साडेचार फूट पंखांची होती आणि ती सरळ उडत होती तोवर कोणाचीच तक्रार नव्हती. विमान पाठीवर उलटे करून जमिनीपासून हातभर अंतरावरून न्यायचे, हा ध्यास साडूभाऊंनी घेतला आणि आमच्या घरातील रविवार संपले.

साडूभाऊ एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले, त्याच महिन्यात त्यांनी हॉलमधला सोफा भिंतीला लावला आणि मोकळ्या जागेत बाल्साच्या फळ्या अंथरल्या. बाल्सा हे बहुतांशी इक्वेडोरमधून येणारे अतिशय हलके लाकूड असून त्याच्या फासळ्या कापून पंखाचा सांगाडा करतात आणि त्यावर रंगीत फिल्म चढवतात. ही फिल्म गरम इस्त्रीने चिकटवावी लागते. माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या ताईंना, ही माहिती इस्त्रीकडूनच मिळाली. सकाळी त्या इस्त्रीने विमानाचा डावा पंख झाला होता आणि दुपारी त्याच इस्त्रीने ताईंनी नारायणपेठ साडी केली. तिच्या पदरावरचा लाल त्रिकोण अजून आहे. तेव्हापासून ताईंची इस्त्री तांदळाच्या डब्यात असते.

हे सगळे क्षम्य होते. उलट्या उडण्याचे तसे नाही, आणि ते का नाही, हे कळण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र सहन करावे लागेल, जसे मला रविवारी गाडीत करावे लागते. ट्रान्समीटरवरची उजव्या हाताची दांडी आपल्याकडे ओढली की विमानाचे नाक वर येते आणि पुढे ढकलली की खाली जाते. विमान पाठीवर गेले की हा व्यवहार फिरतो. ओढले तर नाक जमिनीकडे जाते, आणि उंची टिकवायची असेल तर दांडी सतत थोडी पुढे ढकलून धरावी लागते. रडर, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखावरची हलती फळी, तोही बाजू बदलतो. एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, मात्र विमानाला पूर्वीच्याच बाजूला वळवत राहतो, त्यामुळे बोटांना अर्धे नियम विसरावे लागतात आणि अर्धे जपून ठेवावे लागतात. विमान आपल्या दिशेने येऊ लागले की डावे-उजवे बदलते, ते आणखी वेगळे. आरशात पाहून कात्रीने मिशी कापणाऱ्याला या प्रकाराची थोडीफार कल्पना येईल. फक्त तो आरसा छताला टांगला आहे, असे त्याने समजावे.

खरी मेख भीतीत आहे. जमीन अंगावर येते असे दिसले की माणूस दांडी स्वतःकडे ओढतो, कारण सरळ उडवण्याच्या सगळ्या सरावाने हाताला हेच शिकवलेले असते. आणि उलटे विमान मातीत घालायला नेमके तेवढेच पुरते. म्हणजे भ्यायला हरकत नाही, पण भिऊन ढकलायचे. हे हाडांत मुरावे म्हणून साडूभाऊ रात्री संगणकावर खोटे विमान उडवतात. हॉलमधून मध्यरात्री ‘ढकल, अरे ढकल’ असा आवाज येऊ लागला, तेव्हा पहिल्या दिवशी ताईंनी शेजाऱ्यांना उठवले होते.

विमानाची स्वतःची या उद्योगाला काही हरकत नसते, हे मात्र मान्य केले पाहिजे. शिकाऊ विमानाचा पंख खालून सपाट आणि टोकांशी वर उचललेला असतो, त्यामुळे ते उलटे केले तरी सरळ होण्यासाठी धडपडते. माझी सहानुभूती पूर्णपणे त्याच्या बाजूला आहे. कसरतीच्या विमानाचा पंख वरून आणि खालून सारखाच फुगीर असल्याने आकाश कोणत्या अंगाला आहे, याचे त्याला सोयरसुतक नसते. उलट्या अवस्थेत इंजिन तहानेने बंद पडू नये म्हणून टाकीच्या आत लवचिक नळीला छोटेसे वजन लावलेले असते. इंधन ज्या बाजूला जाते, त्या बाजूला ते वजनही पडते आणि नळीचे तोंड इंधनात बुडालेले राहते. थोडक्यात, पंखापासून टाकीपर्यंत सर्वांची संमती घेतलेली असते. नातेवाइकांची तेवढी कोणी विचारली नाही.

मंगळवेढ्याच्या रस्त्याने जाताना साडूभाऊ मला इतिहास ऐकवतात. फ्रान्सच्या अडोल्फ पेगू यांनी सप्टेंबर १९१३ मध्ये ब्लेरिओ विमान उलटे उडवून दाखवले, आणि त्याआधी जमिनीवरच उलट्या टांगलेल्या विमानात स्वतःला बांधून घेऊन सराव केला. १९३७ साली अमेरिकेत गुड बंधूंनी रेडिओवर चालणारे विमान उडवले, जे आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. साडूभाऊंचा सर्वांत लाडका किस्सा मात्र ब्रिटिश कसरतपटू नील विल्यम्स यांचा आहे. १९७० मध्ये त्यांच्या झ्लिन विमानाचा डावा पंख हवेतच वर दुमडू लागला, तेव्हा त्यांनी विमान उलटे केले. त्यामुळे पंखावरचा भार उलट दिशेने पडून तो पुन्हा जागेवर बसला, आणि तसेच उलटे उडत येऊन, अगदी जमिनीजवळ विमान सरळ करून, ते खाली उतरले आणि वाचले. यावरून उलटे उडणे हीच सुरक्षित अवस्था आहे, असा निष्कर्ष साडूभाऊ काढतात. विल्यम्स यांचा पंख आधी मोडला होता आणि मग ते उलटे झाले होते, तर आपल्याकडे हा क्रम नेमका बदलतो, हे मी दर वेळी नम्रपणे सांगतो. उत्तरादाखल ते गाडीची काच खाली करतात.

शहर सोडून इतके लांब जाण्याचे कारण कायदा आहे, आणि कायद्याच्या बाबतीत साडूभाऊ खात्यात होते तेवढेच काटेकोर आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडच्या मोकळ्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंतच विनापरवानगी उडता येते. बार्शीच्या रस्त्याला नान्नजचे माळढोक अभयारण्य असल्याने ती दिशा आम्ही आपण होऊनच सोडली, कारण त्या पक्ष्याला आधीच पुरेसे ताप आहेत. नियमांचा तो कागद साडूभाऊंच्या डब्यात लॅमिनेट करून ठेवलेला असतो. शासनाने कमाल उंची सांगितली आहे, पण किमान उंचीचे नियमात कोठेही नाव नाही, हे त्यांनी मला तो कागद दाखवूनच पटवले. इतक्या खाली कोणी येईल, असे दिल्लीत कोणाच्या मनात आले नसावे.

माळावर पोचल्यावर माझी नोकरी सुरू होते. उडवणाऱ्याने नजर विमानावरून हलवायची नसते आणि समोरून जाणाऱ्या विमानाची नेमकी उंची त्याला नीट उमगत नाही, म्हणून शेजारी उभे राहून कोणीतरी ती मोठ्याने सांगायची असते. ‘वर घ्या’ असे मी म्हणायचे नाही, कारण त्या अवस्थेत वर कोणते यावर चर्चा करण्याइतका वेळ नसतो. फुटांचा आकडाही चालत नाही; मी सहा म्हणेपर्यंत तीन झालेले असतात. शेवटी शरीराचे माप ठरले. विमान जाते तेव्हा मी फक्त ‘डोके’, ‘छाती’, ‘कंबर’ आणि ‘गुडघा’ असे पुकारतो. ही उंची विमानाच्या पोटापासून न मोजता शेपटीच्या उभ्या पंखापासून मोजावी लागते, कारण उलट्या विमानाचे तेच सर्वांत खालचे टोक असते आणि जमिनीशी पहिली ओळख तेच करून घेते.

एका सकाळी एक म्हातारे धनगर बराच वेळ काठीवर हनुवटी टेकवून माझे ओरडणे ऐकत होते. विमानाकडे त्यांचे लक्ष नव्हते. ‘कंबर, कंबर, गुडघा, गुडघा’ असे मी कळवळून ओरडलो तेव्हा ते जवळ आले आणि म्हणाले, “मालक, लई दुखतंय का ओ? एरंडेल लावा की.” त्याच वेळी वाऱ्याने इंजिनाचा धूर आमच्याकडे वळला. या जातीच्या इंजिनाच्या इंधनात मिथेनॉलबरोबर वंगण म्हणून एरंडेलही घालतात आणि त्याचा वास धुराला येतोच. म्हाताऱ्यांनी दोनदा हुंगले, समाधानाने मान हलवली आणि “लावलंय म्हणा की,” असे म्हणून ते मेंढरांमागे निघून गेले.

त्यापेक्षा अवघड माणसे म्हणजे रस्त्यावरून जाणारे भले लोक. उलटे विमान पाहून सज्जन माणसाला राहवत नाही. तो मोटारसायकल थांबवतो, बांध ओलांडून येतो आणि अत्यंत काळजीने सांगतो, “अण्णा, तुमचं विमान उलटं झालंय बघा.” साडूभाऊंनी अशा वेळी मान वळवणे म्हणजे विमान गेले, त्यामुळे आभार मानणे हेही माझ्याच कामात मोडते. मी आभार मानतो आणि ते मुद्दामच उलटे आहे, असे सांगतो. यावर तो माणूस माझ्याकडे ज्या नजरेने पाहतो, तिची मला आता सवय झाली आहे. काहीजण तरीही तिथेच थांबतात. सरळ होईपर्यंत त्यांना जाववत नाही.

फितीचा प्रकार उन्हाळ्यात सुरू झाला. दोन बांबू रोवायचे, त्यांच्यामध्ये कागदाची फीत कमरेच्या उंचीवर बांधायची आणि उलट्या विमानाच्या पंख्याने ती कापायची. दोरी चालत नाही, ती पंख्यात गुंतते. कागद बिचारा तुटून जातो. बांबू रोवणे माझ्याकडे होते आणि मार्चनंतर आमच्या काळ्या रानात पहार घातल्याशिवाय बांबू जात नाही. पहिल्या फेरीत फीत खरोखरच कापली गेली आणि त्या आनंदात साडूभाऊंनी विमान वळवून समोरून आमच्याकडे आणले. मी ‘छाती’ म्हणालो, ‘कंबर’ म्हणालो आणि ‘गुडघा’ म्हणण्यापूर्वी त्यांना भीती वाटली. रात्रीचा सगळा सराव सोडून त्यांच्या हाताने जुन्या निष्ठेने दांडी ओढली.

आवाज फार मोठा झाला नाही. अशा प्रसंगी उडवणारा स्वतः बोलेपर्यंत कोणी बोलायचे नसते आणि तो पहिले वाक्य वाऱ्याविषयीच बोलतो, एवढे मला अनुभवाने माहीत आहे. “एकदम झोत आला,” साडूभाऊ म्हणाले. माझ्या कपाळावरचा घाम जागचा हलला नव्हता, पण मी दुजोरा दिला. मग शोध सुरू झाला. ज्वारी काढून झालेल्या रानात धसकटे असतात आणि ती चपलेला मानत नाहीत. शिवाय उन्हाने काळ्या मातीला पडलेल्या भेगांत माणसाचा हात कोपरापर्यंत जातो. इंजिन सापडले, पंख तुकड्यांनी सापडला, एक चाक मात्र भेगेत गेले. ते रान पावसाळ्यानंतर पेरले गेले, तेव्हा मालकाने “उगवलं तर कळवतो,” असे गंभीरपणे सांगितले.

नवे विमान बांधले जाणार, हे सांगायला नको. ते जानेवारीत तयार झाले आणि गड्ड्याच्या यात्रेनिमित्त सगळे नातेवाईक सोलापुरात आलेलेच होते, तेव्हा त्याच शेतमालकाकडे हुरडा खायचा आणि सर्वांसमोर प्रयोग करायचा, असा बेत ठरला. आगटी पेटली, शेंगांची चटणी आणि दही पुढे आले, आणि आम्हा दोघांच्या सामाईक सासूबाईंना प्रेक्षकांपासून थोड्या पुढे, पण विमानाच्या वाटेपासून दूर अशी खुर्ची देण्यात आली. विमानाच्या पोटावर या वेळी पांढरे-काळे चौकोन काढलेले होते, म्हणजे कोणते अंग वर आहे हे लांबूनही कळावे. साडूभाऊंनी विमान उंच नेले, पाठीवर घेतले आणि पडीक पट्टीवरून खाली आणले. मी पुकारत गेलो. गुडघ्यावर ते आले, तेथेच राहिले आणि पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढल्यासारखे गेले. असे उड्डाण मी पूर्वी पाहिलेले नव्हते, आणि पुकारताना माझाच आवाज चिरकला, हे मी येथे लिहून ठेवतो.

सासूबाईंनी कणसाचे दाणे तळहातावर चोळत सगळे शांतपणे पाहिले. विमान तसेच उलटे दुसऱ्या फेरीला वळले, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावले आणि साडूभाऊंना ऐकू जाणार नाही अशा बेताने, पण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “एवढी वर्षं करतायत, जावईबापूंना अजून सरळ उडवता येत नाही का हो?”

साडूभाऊंच्या कानापर्यंत ते गेलेच. त्यांनी विमान वर नेले, सरळ केले आणि डोक्याच्या बऱ्याच वरून एक साधी, निरुपद्रवी फेरी मारली. सासूबाईंनी हातातला हुरडा मांडीवर ठेवून टाळ्या वाजवल्या. “जमलं हो जमलं,” त्या म्हणाल्या, आणि सगळ्या नातेवाइकांनी टाळ्या वाजवल्या.