नाशिकला समुद्र कुठे आहे?

"अगं, तपोवनातल्या झाडांवर कुऱ्हाड टांगलीये आणि तुम्ही लोकरीची पोवळी विणत बसणार? नाशिकला समुद्र कुठे आहे?"

शाळेतल्या मैत्रिणीने वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेत रात्रीचे आठ वाजले होते. तिच्याकडे मध्यरात्र उलटली होती. दिवसभर तपोवनात उभी राहून, घरचं सगळं आवरून मग ती फोन घेऊन बसली असणार. तिला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटेना. म्हणून हे सविस्तर.

विषय असा. 2027 च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचं म्हणून तपोवनातली सुमारे 1800 झाडं काढण्याचा प्रस्ताव 2025 च्या नोव्हेंबरात पुढे आला आणि नाशिककर खवळून उठले. सयाजी शिंदे यांच्यासारखे झाडांसाठी वर्षानुवर्षं झटणारे अभिनेतेही धावून आले. नेमकं त्याच सुमारास मी पंचवटीतल्या माझ्या मावशीला आणि तिच्या भिशीतल्या बायकांना सुचवलं होतं, की कुंभाच्या आधी तुम्ही क्रोशाने समुद्र विणा. मैत्रिणीला ते कळलं आणि तिचं डोकं फिरलं. तिच्या जागी मी असते तर माझंही फिरलं असतं.

ही कल्पना माझी नव्हे. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणी मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या. ग्रेट बॅरियर रीफ त्याच किनाऱ्याला. त्या पोवळ्यांच्या बेटांची दशा बघून त्यांनी 2005 मध्ये लॉस एंजेलिसला राहत्या घरी क्रोशाने पोवळी विणायला घेतली. पुढे गावोगावच्या बायका आपापली बेटं विणू लागल्या. 2021 मध्ये आमच्या शेजारच्या बाडेन-बाडेनमधल्या फ्रीडर बुर्डा संग्रहालयाने असंच आवाहन केलं, आणि 4000 हून अधिक लोकांनी मिळून 40,000 च्या वर पोवळी विणून पाठवली. त्यातली अकरा माझी.

मला क्रोशा येत नव्हता. करोनाचे दिवस, घरात कोंडून घेतलेलं, मग मावशीलाच व्हिडिओ कॉल लावायचे. तिकडे तिने फोन डब्याला टेकवून ठेवलेला, त्यामुळे मला तिचे फक्त हात दिसायचे. "सहा साखळ्या घे, गोल जोड, आता मुके खांब." मी सांगितलं, मावशी, यात दर तीन टाक्यांना एक टाका वाढवायचाय, आणि प्रत्येक फेरीत. तिचे हात थांबले. "एवढे वाढवलेस तर रुमाल बसायचा नाही गं, उठेल." उठू दे, म्हटलं. चौथ्या फेरीला कड लाटांसारखी वर-खाली व्हायला लागली, सहाव्या फेरीला झालरीत झालर पडली, आणि आठव्या फेरीला तिच्या हातात एक गच्च, मऊ, वळ्यावळ्यांचा गोळा होता. तिने तो कॅमेऱ्यासमोर धरला. "हा तर कोंबड्याचा तुरा झाला!" पन्नास वर्षं जे चुकलं म्हणून ती उसवत आली होती, ते या कामात मुद्दाम करायचं होतं.

यामागे गणित आहे. टाके प्रमाणात वाढवले की रुमाल सपाट राहतो, प्रमाणाबाहेर वाढवले की त्याला सपाट राहायला जागाच उरत नाही. या वाकलेल्या पृष्ठभागाचा टिकाऊ, हातात धरता येईल असा नमुना दाइना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये क्रोशाने करून दाखवला. पोवळी, समुद्री गोगलगायी, झालंच तर लेट्यूसचं पान, सगळीकडे हाच घाट. थोड्या जागेत लांबच लांब कड.

मावशीचा पुढचा प्रश्न होता, "पोवळं म्हणजे आपलं अंगठीतलंच ना?" नाशिकच्या बाईला पोवळं माहीत असतं ते सराफ बाजारातलं, मंगळासाठी घालायचं. ते लाल पोवळं बहुतेक भूमध्य समुद्रातलं, उथळ पाण्यात बेटं बांधणारी पोवळी वेगळी. मग मी तिला सांगत बसले. तो दगड नाही, इवल्या इवल्या जिवांची वसाहत आहे. त्यांच्या अंगात शेवाळ राहतं, ते त्यांना अन्न पुरवतं आणि रंगही देतं. पाणी महिनाभर जरी एखाद-दोन अंशांनी जास्त तापलं तरी पोवळी ते शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरीफटक पडतात. "म्हणजे उपाशी मरतात," मावशी म्हणाली. बरोबर हेच होतं. 2024 च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या मोठ्या रंगहानीची घोषणा केली, आणि वर्षभरात तिची झळ जगातल्या 84 टक्के प्रवाळ क्षेत्राला लागली होती. आपल्या लक्षद्वीपलाही. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारं आंग्रिया बँक नावाचं प्रवाळ बेट पाण्याखाली आहे. आपल्यातल्या किती जणांनी ते नाव ऐकलंय?

2022 च्या वसंतात मी प्रदर्शन बघायला गेले. माणसापेक्षा मोठी रंगीबेरंगी बेटं, आणि त्यांच्यापुढे वाकवाकून बघणाऱ्या म्हाताऱ्या. प्रत्येकजण आपलं पोवळं शोधत होती. मीही शोधलं, सापडलं नाही. शेजारच्या एका आजींनी माझा हात धरून विचारलं, तुमचं कुठल्या रंगाचं होतं? सोळा वर्षं या देशात राहते आहे. अनोळखी बाईने आपणहून हात धरावा, असं इथे फारदा घडत नाही.

पण मैत्रिणीचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. विणून समुद्र थंड होत नाही. या प्रदर्शनाला गर्दी झाली त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं, तोच 2023 च्या जानेवारीत याच जर्मनीने कोळशाच्या खाणीसाठी ल्युट्झराथ हे अख्खं गाव पोलीस लावून रिकामं केलं. झाडांवर बांधलेल्या घरांतून तरुण आंदोलकांना खाली ओढलं. तेव्हा मी तिला 'बघ, इकडे कसं सगळं छान' म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. त्याच्या थोडं आधी, 2022 च्या ऑक्टोबरात, पोट्सडॅमच्या संग्रहालयात हवामानबदलाविरुद्धच्या दोन आंदोलकांनी क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रावर कुस्करलेले बटाटे फेकले. चित्र काचेमागे होतं, वाचलं. त्यांचा संताप मला समजतो, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे बटाट्यांवर बोलले, कोळशावर कुणी नाही. चाळीस हजार पोवळ्यांनी जे केलं ते उलट होतं. तासन् तास त्या विषयाजवळ बसल्याशिवाय ते पोवळं होतच नाही, आणि हात चालू असले की बाई विचारही करते आणि शेजारणीशी बोलतेही.

आता नाशिकला समुद्र कुठे आहे ते सांगते.

निफाड तालुक्यात माझ्या मामाची द्राक्षबाग आहे. 2019 मध्ये अरबी समुद्रात एका वर्षात पाच चक्रीवादळं झाली. त्यातलं क्यार ऑक्टोबरात आलं आणि पाठोपाठ महा. दोन्ही वादळं नाशिकपासून कितीतरी दूर समुद्रात फिरत होती, पण पाऊस इथे पडत राहिला. छाटणी झालेली, बाग पोंगा-फुलोऱ्यात, आणि दिवसच्या दिवस ढग. डावणी रोगाने पानं गेली, घड कुजले. मामा रात्री टॉर्च घेऊन बागेत फवारणीला जायचा आणि सकाळी पुन्हा पाऊस. पुढच्याच वर्षी, 3 जून 2020 ला, निसर्ग वादळ अलिबागजवळ जमिनीवर आलं आणि तसंच चढून नाशिक जिल्ह्यात शिरलं. कांद्याच्या चाळींवरचे पत्रे उडाले. समुद्र असा येतो नाशिकला. त्याला किनारा लागत नाही.

आणि आपणही त्याच्याकडे जातोच. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण गोदावरीने त्याच्याकडे पाठ केली आणि 1465 किलोमीटर चालून बंगालचा उपसागर गाठला. रामकुंडावर आपण जे सोडतो ते आधी नांदूरमध्यमेश्वरला, राज्यातल्या पहिल्या रामसर क्षेत्रात, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेत, पक्ष्यांच्या वाट्याला येतं. उरलेलं धरणांमागून धरणं ओलांडत पुढे. पात्रातलं काँक्रीट काढा, जुनी कुंडं मोकळी करा, असं गावातले लोक वर्षानुवर्षं सांगताहेत. तपोवनही याच नदीच्या काठी. तेव्हा झाडं, कुंडं आणि समुद्र ही तीन वेगवेगळी भांडणं आहेत असं मला वाटत नाही, आणि मैत्रिणीशी माझा मतभेद आहे तो एवढाच.

मात्र एका बाबतीत तिने माझे डोळे उघडले. पोवळी विणा, हे मी परक्या गावची वस्तू उचलून मावशीच्या ओटीत टाकल्यासारखं होतं. ओलाफर एलियासन या कलावंताने ग्रीनलंडच्या खाडीतले बर्फाचे प्रचंड ठोकळे आणून 2014 मध्ये कोपनहेगनच्या, 2015 मध्ये पॅरिसच्या आणि 2018 मध्ये लंडनच्या चौकात मांडले. लोक त्यांना कान लावायचे, हजारो वर्षं कोंडलेली हवा फुटताना टिकटिक ऐकायचे. वितळणारा बर्फ अंगाला लागावा म्हणून तो शीतपेट्यांतून समुद्रापार आणावा लागला. नाशिकला असं काही कुठून आणायची गरजच नाही. आपल्याकडे गोदेच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती आहे.

माझ्या लहानपणी पूर आला की बाबा मला खांद्यावर घेऊन होळकर पुलावर जायचे. पुलावर माणसांची रेटारेटी, खाली चहाच्या रंगाचं पाणी, त्यात भोपळे, ओंडके, एखादं दार. कुणीच फुटात किंवा मीटरमध्ये बोलत नसे. "गुडघ्याला लागलं." "कंबरेला आलं." "छातीच्या वर गेलं, आता भांडी बाजारात शिरणार." आणि नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. इथे माझ्या घराजवळ ऱ्हाईनची पातळी मोजायचं माक्साउचं केंद्र आहे. आकडा दर पंधरा मिनिटांनी फोनवर येतो, अगदी अचूक. पण तो आकडा बघून माझ्या पोटात कधी खड्डा पडला नाही. मारुतीच्या गळ्याला पाणी, हे शब्द ऐकून मात्र हजारो मैलांवर आजही पडतो. एका मूर्तीने अख्ख्या गावाला पाणी अंगावर मोजायला शिकवलं. हवामानावरची कला म्हणून मी इथे जे जे पाहिलं, त्यात याच्या तोडीचं मला काही दिसलं नाही.

मावशीला मी हे फोनवर बोलले, आणि बेत बदलला. पोवळी राहू देत. जून ते सप्टेंबर, 122 दिवस, रोज संध्याकाळी एक ओळ. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं आणि ते मारुतीच्या कुठे लागलं, हे पेपरात येतंच. त्यावरून रंग ठरवायचा. पायाखाली असलं तर पांढरा, गुडघ्याला पिवळा, कंबरेला तांबूस, असं चढत जायचं. लोकर ॲक्रिलिकची नको, तेही प्लास्टिकच, म्हणून सुती दोरा. विणणाऱ्या प्रत्येकीचं नाव पट्ट्याच्या कडेला, बाडेन-बाडेनला नोंदवली तशी. एवढी एक इकडची गोष्ट मात्र मी हट्टाने घ्यायला लावली. आपल्याकडे बाईने विणलेलं तोरण दारावर वर्षानुवर्षं असतं आणि ते कुणी विणलं हे नातीला माहीत नसतं.

मैत्रिणीला मी विचारलंय, तपोवनातल्या झाडांची मोजणी तिच्याकडे असेल तर पट्ट्याची दुसरी बाजू तिच्या आकड्यांनी विणू. अजून तिचं उत्तर आलेलं नाही. ती कामात असते.

काल मावशीने नमुना दाखवला. एका प्रश्नावर ती अडली होती, मारुती पूर्ण बुडेल त्या दिवसाला रंग कुठला. काळा, मी म्हटलं. तिला पटलं नाही. त्या दिवशी दोराच भरायचा नाही, म्हणाली, नुसत्या साखळ्यांची जाळी टाकायची. मी म्हटलं, मावशी, जाळी ताण धरणार नाही, पट्टा तिथे खाली लोंबेल.

"लोंबू दे," ती म्हणाली.